सरासरीत न सापडणाऱ्या परिचारिका

माणसांचे गट पाडण्याची विद्या आपल्या देशाला कोणी बाहेरून येऊन शिकवावी अशी स्थिती नाही. जन्माआधीच गट ठरलेला, गटाचे काम ठरलेले, पाणवठा ठरलेला, आणि एका गटातून दुसऱ्यात जाण्याची वाट कायमची बंद. ही व्यवस्था ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसली त्यांना 'वर्गीकरण' हा शब्द ऐकताच आधी शंका येते, आणि ती यावीच. संख्याशास्त्रात मात्र गेल्या शतकात गट पाडण्याची एक निराळी रीत तयार झाली. तिला क्लस्टर ॲनॅलिसिस म्हणतात. आपण समूह-विश्लेषण म्हणू. तिचा दावा नेमका उलटा आहे. गट आधी नाहीतच. आधी माणसे आहेत, त्यांनी दिलेली उत्तरे आहेत. ज्यांची उत्तरे एकमेकांच्या जवळ पडतात त्यांना एकत्र ठेवायचे आणि मग गट किती झाले, कसे झाले ते पाहायचे. हा दावा कुठवर खरा आणि कुठे फसवा, हे परिचारिकांच्या पाहण्यांच्या आधाराने समजून घ्यावे, एवढाच या लेखाचा हेतू.

परिचारिकाच का, असे कोणी विचारील. एक कारण सरळ आहे. माझ्या वर्गातून दरवर्षी काही मुली बारावीनंतर नर्सिंगला जातात, आणि त्यांतल्या बऱ्याच आपल्या वस्तीतल्या असतात. घरात पहिला पगार त्यांचा येतो. दुसरे कारण जुने आहे. दुसऱ्याच्या शरीराची घाण काढणे, रक्त-पाणी हाताळणे हे काम या समाजाने विटाळाच्या खात्यात टाकले. गावोगाव बाळंतपणे मांगिणीने केली. त्याच समाजातल्या बायकांना स्वतःच्या बाळंतपणाला डोक्यावर छप्पर नसे, हे मुक्ता साळवे या शाळकरी मुलीने १८५५ साली 'ज्ञानोदया'त लिहून ठेवले आहे. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या. पुढे रुग्णसेवेला शिक्षण आले, गणवेश आला, नोंदणी आली. पण विटाळाचा हिशेब मिटला नाही, तो फक्त वॉर्डाच्या आत सरकला. माझी मावशी तालुक्याच्या एका दवाखान्यात आया होती. इंजेक्शन सिस्टरकडे, बेडपॅन मावशीकडे आणि फरशी तिच्याही खालच्या कोणाकडे, अशी उतरंड तिथे होती. कोणत्याही नियमपुस्तकात ती लिहिलेली नव्हती.

रुग्णसेवा आणि आकडे यांचे नातेही जुने आहे. क्रिमियाच्या युद्धात मेलेले ब्रिटिश सैनिक बहुतांशी जखमांनी नव्हे तर टाळता येण्याजोग्या रोगांनी मेले, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५८ साली आकृत्या काढून सरकारच्या डोळ्यांसमोर धरले. आपल्या काळातले उदाहरण लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास त्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केला. एका परिचारिकेवर एक रुग्ण जादा पडला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाने तीस दिवसांत दगावण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली दिसते आणि परिचारिका पुरती खचून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी, असे त्यांना आढळले. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिक्षण-रुग्णालयात तीन खाटांमागे एक आणि साध्या रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका असा आहे. रात्रपाळीच्या वॉर्डात नातेवाईक म्हणून एक रात्र काढलेल्या कोणालाही या निकषाचे पुढे काय होते ते सांगावे लागत नाही.

आता या 'खचण्या'चे मोजमाप कसे करतात? क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ साली २२ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. प्रत्येक विधानापुढे 'कधीच नाही' यासाठी शून्य ते 'रोज' यासाठी सहा अशी खूण करायची. तीन गोष्टी त्यातून मोजल्या जातात : मनाचा थकवा, रुग्णाकडे वस्तू म्हणून पाहू लागणे, आणि आपल्या हातून काही चांगले घडते आहे ही भावना. जगभर परिचारिकांना ही प्रश्नावली दिली गेली. उत्तरे आली की बहुतेक अहवाल काय करतात? सरासरी काढतात. 'अमुक रुग्णालयात थकव्याची सरासरी इतकी.' झाले.

सरासरी ही मोठी सभ्य गोष्ट आहे. ती कोणाचेच नाव घेत नाही. एक हिशेब मांडून पाहू. समजा एका वॉर्डात सहा परिचारिका आहेत आणि प्रत्येकीला दोनच प्रश्न विचारले : थकवा किती आणि कामातले समाधान किती. दोन्हींना दहापैकी गुण. अ हिचे गुण थकवा ९, समाधान २. ब हिचे ८ आणि ३. क हिचे ९ आणि ८. ड हिचे ८ आणि ९. इ हिचे २ आणि ८. फ हिचे ३ आणि ९. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, पण अशी माणसे आपण पाहिली आहेत. थकव्याची बेरीज ३९, सरासरी साडेसहा. समाधानाची बेरीजही ३९, सरासरी साडेसहा. अहवालात लिहिले जाईल की येथील परिचारिका मध्यम थकलेल्या व मध्यम समाधानी आहेत. आता मला या सहांतली एक तरी 'मध्यम' बाई दाखवा. अ आणि ब पार मोडल्या आहेत. क आणि ड मरेस्तोवर थकल्या आहेत, तरी कामावर त्यांचा जीव आहे. इ आणि फ यांचे बरे चालले आहे. साडेसहा-साडेसहाच्या जागी कोणीही उभे नाही. जी बाई अस्तित्वात नाही तिच्यासाठी धोरण आखले जाणार आणि ज्या सहाजणी आहेत त्या कागदातून नाहीशा होणार.

समूह-विश्लेषणाचे बळ येथे आहे. आलेखकागद घ्या. आडव्या रेषेवर थकवा, उभ्या रेषेवर समाधान मांडा आणि सहा ठिपके टाका. डोळ्यालाच तीन जोड्या दिसतील. दोन प्रश्न असले तर डोळा पुरतो. प्रश्न वीस झाले की डोळा चालत नाही, मग गणिताला बोलवावे लागते. गणित इतकेच करते की दोन माणसांमधले अंतर मोजते. अ आणि क यांच्यातले अंतर हवे असेल तर थकव्यातला फरक शून्य, समाधानातला सहा. दोन्हींचे वर्ग करून मिळवा, ३६ आले, त्याचे वर्गमूळ ६. शाळेतल्या पायथागोरसच्या सिद्धांतापलीकडे यात काही नाही. वीस प्रश्न असले तर वीस फरकांचे वर्ग मिळवायचे.

अंतरावरून गट करण्याच्या रीती अनेक आहेत. मानवशास्त्रज्ञ ड्रायव्हर आणि क्रोबर यांनी १९३२ साली संस्कृतींची तुलना करताना या दिशेने पाऊल टाकले आणि मानसशास्त्रज्ञ ट्रायन यांचे 'क्लस्टर ॲनॅलिसिस' याच नावाचे पुस्तक १९३९ चे. एका रीतीत सर्वांत जवळची दोन माणसे आधी जोडतात, मग त्या जोडीला पुढचे जवळचे माणूस, असे करत भाऊबंदकीच्या वंशावळीसारखे झाड तयार होते. सर्वांत जास्त वापरली जाणारी रीत मात्र के-मीन्स. तिची कल्पना पोलंडचे श्टाइनहाउस यांनी १९५६ साली मांडली. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतल्या स्टुअर्ट लॉइड यांनी १९५७ साली ती स्वतंत्रपणे लिहिली, पण छापली थेट १९८२ मध्ये. नाव दिले मॅकक्वीन यांनी १९६७ साली. रीत अशी : गट किती हवेत ते आपण आधी सांगायचे. तितकी केंद्रे कुठेतरी ठेवायची. प्रत्येक माणसाने जवळच्या केंद्राकडे जायचे. मग प्रत्येक गटाची सरासरी काढायची आणि केंद्र तिथे सरकवायचे. पुन्हा सगळ्यांनी आपले जवळचे केंद्र शोधायचे. कोणीच जागा बदलेनासे झाले की थांबायचे.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. इथे प्रत्येक फेरीत प्रत्येकाला गट बदलण्याची मुभा आहे. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचला, त्यात जात म्हणजे दार लावून घेतलेला वर्ग, या अर्थाची मांडणी आहे. समूह आणि जात यांतला फरक या दारात आहे.

पण भाबडे होण्याचे कारण नाही. वरच्याच सहा परिचारिकांवर ही रीत चालवून पाहा. समजा वरिष्ठांनी सांगितले, 'आम्हांला दोनच गट हवेत, बऱ्या आणि वाईट.' सुरुवातीची केंद्रे म्हणून अ आणि इ यांना घेतले. ब अर्थातच अ कडे जाईल, फ जाईल इ कडे. आता क : तिचे अ पासूनच्या अंतराचे वर्गमान ३६, इ पासूनचे ४९. ती अ कडे गेली. ड : अ पासून ५०, इ पासून ३७. ती इ कडे गेली. सरासऱ्या काढा, केंद्रे सरकवा, पुन्हा मोजा. कोणीही जागा सोडत नाही. गणित थांबले, निकाल लागला. निकाल काय? क आणि ड, ज्या एकमेकींच्या अगदी शेजारी होत्या, ज्यांच्यात दोन्ही प्रश्नांवर एकेकाच गुणाचा फरक होता, त्यांच्या मधून भिंत गेली. एक मोडलेल्यांत जमा झाली, दुसरी सुखी लोकांत.

सुरुवात बदला, म्हणजे अ आणि इ ऐवजी अ आणि ड यांना केंद्र करा, तर निकाल बदलतो : अ आणि ब एकीकडे, बाकीच्या चौघी दुसरीकडे. गटाच्या आतला विखार... क्षमा करा, विखुरलेपणा मोजला तर पहिल्या निकालाचा जवळजवळ ४२.७ येतो, दुसऱ्याचा ३९. म्हणजे दुसरा थोडा बरा. आणि दोनाऐवजी तीन गट मागितले, तर तोच आकडा ३ वर येतो. वॉर्डात गट तीन होते आणि वरून दोन मागितले गेले, म्हणून शेजारणी तोडल्या गेल्या. गट किती हे विचारणाराच ठरवतो आणि गणित निमूटपणे तितके गट पाडून देते. अगदी लॉटरीच्या आकड्यांवर ही रीत चालवली तरी ती गट देईल, नाही म्हणणार नाही. 'संगणकाने असे सांगितले' हे वाक्य ज्यांना अंतिम वाटते त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

यावर उपायही गणितातच आहेत. १९८७ साली रूस्यू यांनी सिलुएट नावाचे माप दिले. प्रत्येक माणसाला विचारायचे : तुझ्या गटातल्या लोकांपासून तू सरासरी किती लांब, आणि शेजारच्या गटापासून किती लांब? दुसऱ्यातून पहिले वजा करायचे आणि दोघांतल्या मोठ्या आकड्याने भागायचे. उत्तर १ च्या जवळ आले तर माणूस आपल्या माणसांत आहे; शून्याखाली गेले तर त्याला चुकीच्या घरात बसवले आहे. क हिचे माप तीन गटांच्या मांडणीत ०.७५ येते, आणि त्या पहिल्या दोन गटांच्या मांडणीत उणे ०.१३. बाईला चुकीच्या रांगेत उभे केले आहे हे आकडा स्वतःच बोलतो, विचारणारा हवा. याखेरीज सुरुवातीची केंद्रे बदलून शंभरदा रीत चालवावी, पाहणीचे दोन भाग करून दोन्हींवर तेच गट येतात का ते पाहावे. जे गट इतक्याने विरघळतात त्यांच्यावर लेख लिहू नये.

आता अंतराकडे वळतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे आणि ती आपली आहे.

परिचारिकेचे वय वर्षांत आणि पगार रुपयांत घेतला तर काय होईल? वयातला फरक वीस, पगारातला फरक वीस हजार. वर्ग केल्यावर पगारापुढे वयाचा आवाजच उरणार नाही. म्हणून प्रत्येक उत्तरातून त्या प्रश्नाची सरासरी वजा करून प्रमाण विचलनाने भागतात, म्हणजे सगळे प्रश्न एका मापाचे होतात. पण दुसरी अडचण राहते. एकच गोष्ट पाच वेगवेगळ्या शब्दांत पाच प्रश्नांत विचारली, तर ती पाचदा मोजली जाते. थकव्यावर नऊ प्रश्न आणि अपमानावर एक, अशी प्रश्नावली असेल तर गट थकव्याचेच पडणार. उत्तरांमधले हे आपसांतले नाते लक्षात घेऊन अंतर मोजायचे सूत्र प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ साली दिले. 'महालनोबिस अंतर' म्हणून ते आज जगभर चालते.

हे सूत्र त्यांना सुचले कशावरून? माणसांच्या डोक्यांच्या आणि नाकांच्या मापांवरून. १९२० साली नागपूरला भरलेल्या विज्ञान परिषदेत प्राणिशास्त्रज्ञ अ‍ॅनंडेल यांची आणि त्यांची गाठ पडली आणि कलकत्त्याच्या अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांचा अभ्यास त्यांच्याकडे आला. त्यानंतर बंगालातल्या जातींच्या मिश्रणाचा प्रश्न, त्यानंतर १९३३ साली रिस्लेच्या जुन्या मापांची फेरतपासणी. हर्बर्ट रिस्ले म्हणजे १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त. नाकाच्या रुंदीवर माणसाची सामाजिक पायरी ठरते, अशा अर्थाचा सिद्धांत या गृहस्थाने मांडला होता. १९४१ साली संयुक्त प्रांतात धीरेंद्रनाथ मजुमदार यांनी जातीजातींची शरीरे मोजली. महालनोबिस आणि सी. आर. राव यांनी त्यांतली अंतरे काढून कोणत्या जाती एकमेकींच्या जवळ पडतात ते तपासले आणि १९४९ साली 'सांख्य' मध्ये ते छापून आले. म्हणजे भारतातले समूह-विश्लेषण परदेशातून आयात झालेले नाही. ते आमच्या आज्या-पणज्यांच्या नाकांवर पट्टी ठेवून तयार झालेले आहे. आमच्या मुलांना वर्गात हे सूत्र शिकवतात, पण ही गोष्ट सांगत नाहीत. माझ्यासारख्या घरातल्या पहिल्या पदवीधराला संख्याशास्त्र असेच शिकवले गेले. सूत्र फळ्यावर, माणूस वर्गाबाहेर.

गंमत अशी की हीच मापे बाबासाहेबांनी हातात घेतली. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी घुर्ये यांनी दिलेले नाकाच्या मापांचे कोष्टक पुढे ठेवले आणि प्रांताप्रांतात ब्राह्मण आणि अस्पृश्य यांची मापे ताडून पाहिली. हे शास्त्र जर विश्वासाचे मानायचे असेल, तर अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे आहेत ही गोष्ट त्याच शास्त्राने खोटी ठरते, असा त्यांचा युक्तिवाद. शत्रूच्या हातातली पट्टी घेऊन शत्रूचाच हिशेब चुकता केला. आकड्यांपासून दूर पळणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना मी हे पान वाचायला सांगतो. आकडे त्यांचे, म्हणून ते फेकून देणे ही चैन आपल्याला परवडणारी नाही.

परिचारिकांकडे परत येऊ. समूहाची दृष्टी वापरल्याने काय हाती लागते याचे चांगले उदाहरण मायकेल लायटर आणि क्रिस्टिना मॅस्लॅक यांचे २०१६ चे काम आहे. कॅनडातील रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांची उत्तरे त्यांनी घेतली आणि समूह-विश्लेषणाच्या जवळच्या नात्यातली, शक्यतांच्या हिशेबावर चालणारी एक पद्धत वापरली. पाच प्रकार निघाले. एका टोकाला तिन्ही अंगांनी खचलेले, दुसऱ्या टोकाला कामात रमलेले. पण मधले तीन महत्त्वाचे. काही केवळ अतिश्रमाने थकलेले होते. काहींचे मन कामावरून उडालेले होते. काहींना आपल्या हातून काही होत नाही असे वाटत होते. मन उडालेले लोक हे नुसत्या थकलेल्यांपेक्षा खचलेल्यांच्या अधिक जवळ होते. याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. थकलेल्याला सुटी द्या, हाताखाली माणूस द्या, तो सावरेल. ज्याचे मन उडाले आहे त्याला सुटी देऊन काय होणार? त्याला न्याय हवा आहे. सरासरी काढणाऱ्याला हे दोघे एकच दिसतात आणि दोघांसाठी तो योगाचे शिबिर भरवतो.

तरीही कॅनडाची प्रश्नावली जशीच्या तशी मराठीत उतरवून आपल्या वॉर्डात वाटली तर काम भागणार नाही. समूह-विश्लेषण फक्त विचारलेल्या प्रश्नांच्याच अंतरावर चालते. जे विचारले नाही ते त्याच्या लेखी घडलेच नाही. आपल्याकडच्या परिचारिकेला काय विचारायला हवे? रात्रपाळीत किती रुग्ण एकटीने पाहिले. नोकरी कायम की कराराची. कागदावरचा पगार हातात पडतो का. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्या कपाटात आहेत. २०११ साली मुंबईतल्या एका खाजगी रुग्णालयात केरळच्या एका तरुण परिचारिकेने आत्महत्या केली, तेव्हा बाँड आणि अडकवून ठेवलेली कागदपत्रे यांवर देशभर चर्चा झाली आणि केरळात परिचारिकांच्या संघटनेने उचल खाल्ली. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने शिफारस केली की दोनशेहून अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतका पगार द्यावा आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीही महिना २० हजारांखाली जाऊ नये. ही शिफारस आपल्या तालुक्यात कुठवर पोचली, हा पाहणीचाच एक प्रश्न होऊ शकतो.

आणि आणखी काही प्रश्न. बेडपॅनच्या, मृतदेह बांधण्याच्या, घाण धुण्याच्या कामाला कोणाचे नाव पुकारले जाते? डबा कोणाबरोबर खाता? खोली भाड्याने घेताना आडनावानंतर काय विचारले? हे प्रश्न विचारले नाहीत तर गट 'थकलेल्या' आणि 'न थकलेल्या' एवढेच पडतील आणि थकवा हा जणू हवामानासारखा सर्वांवर सारखा कोसळतो असे दिसेल.

येथे एक तांत्रिक सावधगिरी आहे आणि तीत आपले बरेच उत्साही संशोधक घसरतात. जात ही माहिती फॉर्मात हवी, पण गट पाडण्याच्या मोजणीत ती घालू नये. घातली तर गट जातीनुसार पडतील यात नवल काय? आपणच पेरले, आपणच उगवलेले दाखवले; विरोधक एका वाक्यात ते उडवून देईल. आधी फक्त कामाच्या स्थितीवर गट पाडा : रुग्णसंख्या, पाळ्या, पगार, कामाची वाटणी, मिळालेली वागणूक. गट पक्के झाले की मग जातीचे कोष्टक त्यांच्याशेजारी ठेवा. जातीला मोजणीबाहेर ठेवूनही जर कराराच्या, रात्रपाळीच्या आणि घाणकामाच्या गटात एकाच वस्तीची नावे जमा होत असतील, तर ते उत्तर देणे व्यवस्थेला अवघड जाईल. आणि नाही जमा झाली, तर तेही मान्य करण्याची तयारी हवी. मग वर्ग, गाव, भाषा, धर्म यांपैकी काय काम करते आहे ते शोधावे. कायम की करार, विवाहित की एकटी, अशी 'हो-नाही'ची उत्तरे अंकांत मिसळायची असतील तर साधे अंतर चालत नाही. गॉवर यांनी १९७१ साली सुचवलेले मिश्र उत्तरांचे माप वापरावे लागते.

फॉर्म कोण वाटतो यावरही पुष्कळ अवलंबून आहे. मेट्रनच्या हाताने वाटलेल्या आणि तिच्याच टेबलावर परत द्यायच्या प्रश्नावलीत कराराची परिचारिका खरे लिहील, ही अपेक्षा करणाऱ्याने कधी कराराची नोकरी केलेली नसावी. ज्यांनी फॉर्म कोराच परत केला त्यांचाही एक गट असतो आणि तो बहुधा सर्वांत बोलका असतो; निदान त्यांची संख्या वॉर्डवार लिहून ठेवावी. उलट बाजूने, एखाद्या लहान रुग्णालयात अमुक जातीची, अमुक पाळीची एकच परिचारिका असेल, तर कोष्टकात नाव न छापताही ती ओळखू येते. असा चौकोन छापू नये. तिची नोकरी आपल्या लेखापेक्षा मोठी आहे.

शेवटची अडचण नावांची. गणित गटांना एक, दोन, तीन असे क्रमांक देते. नावे माणूस देतो. 'मन उडालेले', 'निष्प्रभ' ही नावे अभ्यासकांनी दिलेली. व्यवस्थापनाच्या हाती तोच कागद गेला की ती 'असहकारी', 'समुपदेशनास पात्र' अशी होतात, सेवापुस्तकात चढतात आणि बाईच्या मागे बदलीच्या गावापर्यंत जातात. केंद्र सरकले, परिस्थिती बदलली, तरी नाव सुटत नाही. मग समूहाची जात व्हायला किती वेळ लागतो? म्हणून गट पडल्यावर ते परिचारिकांसमोरच ठेवावेत, प्रत्येक गटाच्या सरासऱ्या फळ्यावर लिहाव्यात आणि विचारावे : ही कोण आहे? हिला काय म्हणाल? आमच्याकडच्या एका बैठकीत अशा एका उदाहरणातल्या गटाला, जास्त थकवा आणि जास्त समाधान असलेल्या, एका ज्येष्ठ सिस्टरने 'घरी परत न जाणाऱ्या' असे नाव दिले. मी त्यांना 'समर्पित' म्हणणार होतो.

ज्यांना हे करून पाहायचे आहे त्यांनी मोठ्या यंत्रणेची वाट पाहू नये. 'आर' नावाची संगणक-प्रणाली फुकट मिळते आणि वरच्या बहुतेक सगळ्या रीती तिच्यात आहेत. पण पहिल्या दिवशी तीही उघडू नका. चाळीस परिचारिका असतील तर तीस प्रश्न मोजणीत घालू नका, चार-पाच निवडा. त्यांतले दोन घेऊन आलेखकागदावर ठिपके टाका आणि प्रत्येक ठिपक्याशेजारी पेन्सिलीने दोन गोष्टी लिहा : पाळी कोणती, आणि नोकरी कायम की कराराची.